यादीत म्हातारा कोण झाला?

2013 सालच्या मे महिन्यात 'शूटआऊट अ‍ॅट वडाळा' हा सिनेमा लागला. लालबागच्या एका चाळीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराने तो तीनदा पाहिला. जॉन अब्राहमने रंगवलेला मन्या सुर्वे त्याच्या डोक्यात भिनला. शिकलेला, कीर्ती कॉलेजचा पदवीधर, आणि सगळं शहर त्याला टरकून! त्याच सुमारास गल्लीतल्या एका दादाने पोराला वसुलीचं काम देऊ केलं. सोबत मोटारसायकलही.

त्याने ही गोष्ट घरात लपवली नाही. गिरणीतून निवृत्त झालेले आबा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "जा. पण आधी एक काम कर. सिनेमात ज्याच्यावरून पात्र घेतलंय तो दाऊदचा भाऊ साबीर, त्याला खरोखर ज्यांनी मारलं, त्यांचं पुढे काय झालं ते लिहून आण."

पोराने जुनी कात्रणं आणि इंटरनेट धुंडाळून वहीत टिपलं. दाऊदचा थोरला भाऊ साबीर कासकर 1981 च्या फेब्रुवारीत प्रभादेवीच्या पेट्रोलपंपावर मारला गेला. या खुनात नावं आली मन्या सुर्वे, अमीरजादा आणि आलमजेब यांची. मन्याला 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यात पोलिसांनी गोळ्या घातल्या. अमीरजादाला 1983 मध्ये भर कोर्टात ठार केलं. त्यांच्याच पठाण टोळीचा समद खान 1984 मध्ये गेला. आलमजेब 1985 मध्ये गुजरातेत पोलिसांच्या गोळीने.

आबांनी पान वाचलं आणि विचारलं, "यात म्हातारा कोण झाला?"

पोराने पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणीच नाही, आबा."

"आता सिनेमात नाही ते ऐक. मन्या मेला, त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातला मी एक. पगार बंद, वाण्याची उधारी बंद. तुझ्या आजीने खानावळ काढली, परक्यांचे डबे भरले, तेव्हा आपल्या चुली पेटल्या. तुझा बाप तेव्हा सोळा वर्षांचा. टोळीवाले अशीच रिकाम्या पोटांची पोरं हेरत. त्यालाही निरोप आला होता. हातात रोख पैसे ठेवत होते. त्याच्या बरोबरीची दोन पोरं गेली, ती घरी परतली नाहीत. तुझा बाप गेला नाही. प्रेसमध्ये कागद उचलायला लागला. म्हणून आज तू आहेस."

"बाबांनी कधी सांगितलं नाही."

"त्यात त्याला सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. कष्ट करणाऱ्याला आपण काही शौर्य केलं असं वाटत नाही, हीच आपली चूक होते. मग पोरांना शूर म्हणून दिसतो तो फक्त पिस्तूलवाला."

त्याच संध्याकाळी पोराने दादाला नकार कळवला. कॉलेज सांभाळून तो बापाच्याच प्रेसमध्ये अर्धवेळ जाऊ लागला.

तात्पर्य : पडद्यावरचा भाई खुशाल पाहावा, पण त्याच्या वाटेला जाण्याआधी त्याच्या साथीदारांचा शेवट विचारावा. आणि ज्या आईबापांनी हलाखीतही हात स्वच्छ ठेवले, त्यांनी आपली कहाणी मुलांना स्वतःहून सांगावी.