धर्मग्राम कशावर उभा राहतो?

(धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हिएन्नी यांच्या सणानिमित्त)



दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हिएन्नी यांचा सण साजरा करते. या दिवशी आपण आपल्या फादरांना फुले देतो, शुभेच्छापत्रे देतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. ही फार चांगली प्रथा आहे. परंतु यंदा मला या निमित्ताने आपल्या तरुण धर्मगुरूंशी थोडे हितगुज करायचे आहे. गुरुदीक्षा घेऊन नुकतेच धर्मग्रामात रुजू झालेले हे आपलेच भाऊ, आपलीच मुले. त्यांच्या हाती उद्याची ख्रिस्तसभा आहे. आणि त्यांच्याशी बोलताना मी आपणा सर्वांशीही बोलतो आहे, कारण निरोगी धर्मग्राम एकटा धर्मगुरू कधीच उभारू शकत नाही.

फेब्रुवारी १८१८ मध्ये संत व्हिएन्नी फ्रान्समधील आर्स नावाच्या खेड्यात आले, तेव्हा तिथे जेमतेम २३० माणसे राहत होती. हा धर्मगुरू फार हुशार म्हणून ओळखला जात नव्हता. लॅटिन भाषा त्यांना काही केल्या जमेना. गुरुदीक्षा मिळते की नाही याचीच शंका होती. बॅले नावाच्या एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना धीर दिला, शिकवले, सांभाळून घेतले, म्हणून १८१५ साली ते धर्मगुरू झाले. अशा माणसाला एका लहानशा, श्रद्धा थंडावलेल्या गावी पाठवण्यात आले. तिथे त्यांनी ४१ वर्षे काढली. पुढे पुढे देशभरातून हजारो लोक पापनिवेदनासाठी त्या खेड्याकडे येऊ लागले आणि ते दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापनिवेदनकक्षात बसू लागले. १८५९ साली त्यांचे निधन झाले, १९२५ साली त्यांना संतपद देण्यात आले.

पण त्यांनी सुरुवात कशी केली? वेदीसमोर गुडघे टेकून आणि घरोघरी जाऊन. २३० माणसांचे गाव म्हणजे फार तर पन्नास-साठ घरे. त्यांनी त्या घरांचे उंबरठे झिजवले. कुणाचे पीक बुडाले, कुणाची मुलगी आजारी आहे, कुणाच्या घरात भांडण आहे, हे त्यांना ठाऊक असे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो असे प्रभू येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात सांगतो. नाव माहीत व्हायचे तर घरी जावे लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. चूक करून शिकलो. ती चूक आज सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी ती टाळली तर मला समाधान वाटेल.

मी नवीन होतो, उत्साह दांडगा होता. माझ्या वहीत योजनांची यादी तयार होती. गायकवृंदाला नवी वाद्ये, नोव्हेनाची नवी वेळ, आवाराला नवा रंग. त्या चर्चमध्ये एक म्हातारे गृहस्थ पहाटे साडेपाचला येऊन घंटा वाजवत. चाळीसएक वर्षे ते हे काम करत होते. पावसाळ्यात गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन येत. कधीकधी त्यांना दोन-चार मिनिटे उशीर होई. मी विजेवर आपोआप वाजणारी घंटा बसवून घेतली. सगळ्यांनी कौतुक केले. दोर काढून टाकला. म्हाताऱ्यांकडची चावी मी दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती निरोप पाठवून परत मागवली.

ते पहाटेच्या मिस्साला येईनासे झाले. माझ्या लक्षातही आले नाही. पाच-सहा महिन्यांनी एका रात्री बोलावणे आले. तैल घेऊन धावलो. घर चर्चपासून चालत दहा मिनिटांवर होते आणि मी त्या घरी पहिल्यांदाच जात होतो. ते शुद्धीवर नव्हते. तीन महिने अंथरुणावर होते म्हणे. मी तैलाभ्यंग दिला, प्रार्थना केली. पहाटे ते गेले. त्यांची पत्नी मला शांतपणे म्हणाली, ‘‘फादर, घंटा बदललीत त्याचं काही नाही. एकदा घरी येऊन त्यांना सांगितलं असतंत, तर ते स्वतःच दोर सोडून द्यायला आले असते.’’

मी काय उत्तर देणार? त्या दिवशी मला कळले, की मी चर्चची घंटा सुधारली आणि धर्मग्रामातला एक माणूस गमावला.

माझ्या तरुण बंधूंनो, म्हणून मी तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती ही : नव्या धर्मग्रामात गेल्यावर पहिले वर्ष काही बदलू नका. बघा, ऐका, घरोघरी जा. धर्मसंहितेचे ५२९ वे कलम प्रमुख धर्मगुरूला हेच सांगते, की त्याने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंता व दुःखे वाटून घ्यावीत, आजाऱ्यांना आणि मरणोन्मुखांना प्रेमाने सांभाळावे. पूर्वी घरभेट म्हणजे वर्षातून एकदा घर आशीर्वादित करणे एवढेच आपण समजत होतो. आता वाडीच्या जागी इमारती आल्या, दाराला सेफ्टी डोअर लागले, नवरा-बायको दोघेही लोकल गाठायला सकाळी बाहेर पडतात. भेट अवघड झाली आहे हे खरे. पण मोबाइलवरच्या संदेशाने ती होत नाही. रात्री आठ-साडेआठनंतर का होईना, आठवड्याला चार घरे करा. वर्षात दोनशे होतात.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. धर्मसंहितेनुसार (कलम ५३४) प्रत्येक प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी व सक्तीच्या सणांच्या दिवशी एक मिस्सा आपल्या लोकांसाठी अर्पण करायची असते. त्या मिस्साचा हेतू कुणी पैसे देऊन मागितलेला नसतो. ती सर्वांसाठी असते. नेहमी येणाऱ्यांसाठी आणि कधीच न येणाऱ्यांसाठी, आपले गुणगान करणाऱ्यांसाठी आणि आपल्याविरुद्ध बिशपांना पत्र लिहिणाऱ्यांसाठीही. ज्यांच्यासाठी आपण वेदीवर प्रार्थना केली, त्यांच्याशी बाहेर अंगणात अबोला धरणे कठीण जाते. स्वतः करून पाहा.

तिसरी गोष्ट प्रवचनाची. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली सांगितले होते, की प्रवचन आठ मिनिटांहून लांबू नये. लोकांना झोप येते! हसण्यावारी नेऊ नका. आठ मिनिटांचे प्रवचन तयार करायला अर्ध्या तासाच्या प्रवचनापेक्षा अधिक वेळ लागतो. रविवारचे शुभवर्तमान सोमवारी वाचा आणि आठवडाभर बरोबर बाळगा. इस्पितळात, दफनभूमीत, शाळेच्या व्हरांड्यात. मग बोलायला काहीतरी मिळते. आणि व्यासपीठावरून कुणाचा हिशेब चुकता करू नका. समोर बसलेल्यांना उलट बोलता येत नाही, हे विसरता कामा नये.

चौथी गोष्ट पैशांची. संत पौल मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना सांगू शकला, की मी कुणाच्या सोन्या-चांदीचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही (प्रेषितांची कृत्ये २०). आपल्या निरोपसमारंभात आपल्याला असे म्हणता येईल का? प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असा धर्मसंहितेचा नियम आहे (कलम ५३७). ती नावापुरती नको. दानपेटी दोघा-तिघांसमोर उघडावी, सणाचा जमाखर्च सूचनाफलकावर लावावा. धर्मगुरूवर कुणाचा संशय आहे म्हणून हे करायचे नाही, तर संशयाला जागाच राहू नये म्हणून. ज्या विधवेने आपले दहा रुपये पेटीत टाकले, तिला त्याचा हिशेब कळण्याचा हक्क आहे.

पाचवी गोष्ट : तक्रार ऐकून घ्या. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेतही कुरकुर झाली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी ती तक्रार होती (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी लोकांना एकत्र बोलावले, तुम्हीच सात चांगली माणसे निवडा असे सांगितले आणि त्यांच्यावर हात ठेवून काम सोपवले. निरोगी धर्मग्राम म्हणजे तक्रार नसलेला धर्मग्राम नव्हे. जिथे तक्रार उजेडात बोलता येते आणि तिच्यातून नवे सेवक उभे राहतात, तो निरोगी धर्मग्राम. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांचा वाटा ठळकपणे मांडला त्याला साठ वर्षे झाली. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते. ते फ्रान्सिस्कन संघाचे साधे ब्रदर होते. १५९७ साली नागासाकीला ते क्रुसावर हुतात्मा झाले. वसईच्या मातीने जगाला दिलेला संत वेदीवर मिस्सा अर्पण करणारा नव्हता, हे आम्ही धर्मगुरूंनी नम्रपणे ध्यानात ठेवावे.

सहावी गोष्ट कठीण आहे, पण बोललीच पाहिजे. आपल्या आवारात येणारे प्रत्येक मूल सुरक्षित असले पाहिजे. वेदीसेवक, धर्मशिक्षणाचे वर्ग, शिबिरे, सहली, सगळीकडे. याबाबतीत जगभरात ख्रिस्तसभेकडून घोर पापे घडली आणि ती झाकण्याचे त्याहून घोर पाप घडले. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. ‘चर्चचे नाव खराब होईल’ ही सबब प्रभूसमोर चालणार नाही. लहानांना अडखळण ठरणाऱ्यांविषयी त्याने काय म्हटले आहे, ते आपण सर्व जाणतो.

शेवटची गोष्ट तुमच्या स्वतःच्या जिवाची. संत व्हिएन्नींना आर्समध्ये सुख होते असे समजू नका. ते इतके थकत, आपण अपात्र आहोत या विचाराने इतके खचत, की गाव सोडून एकांतात जाण्याचा प्रयत्न त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा केला. १८५३ साली रात्रीच निघाले, पण लोकांनी अडवून त्यांना परत आणले. त्यांच्याविरुद्ध इतर धर्मगुरूंनी लिहिलेला तक्रारअर्ज चुकून त्यांच्याच हाती पडला, तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःही सही करून तो पुढे पाठवला असे त्यांच्या चरित्रात आढळते. संतही थकतात, बंधूंनो. म्हणून एकटे राहू नका. ज्याच्याजवळ मन मोकळे करता येईल असा एक धर्मगुरू मित्र जपा. महिन्यातून एकदा तरी स्वतः पापनिवेदन करा. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्या, आईवडिलांना फोन करा. एकाकी धर्मगुरू हळूहळू कडवट होतो किंवा भरकटतो. दोन्ही मी पाहिले आहे.

आता दोन शब्द माझ्या प्रापंचिक बंधुभगिनींसाठी. संत पौलाने तरुण तीमथ्याला लिहिले, की तुझ्या तरुणपणाला कुणी तुच्छ मानू नये असे वाग. पण त्याच पत्राचा दुसरा अर्थ आपल्यासाठी आहे : आपणही त्याचे तरुणपण तुच्छ मानू नये. नव्या फादरांची आधीच्या फादरांशी तुलना करू नका. मिस्सा संपताच पार्किंगमध्ये त्यांच्या चुका मोजण्याऐवजी त्यांना एक दिवस जेवायला बोलवा. काही चुकले तर तोंडावर, प्रेमाने सांगा. त्या माउलीने मला सांगितले तसे. तिचे ते एक वाक्य मला सेमिनरीतल्या सगळ्या वर्षांपेक्षा अधिक शिकवून गेले. आणि गावातल्या दोन गटांनी फादरांना आपापल्या बाजूला ओढू नये. धर्मगुरू एका गटाचा झाला की उरलेला धर्मग्राम अनाथ होतो.

पुनरुत्थित प्रभूने तिबेरिया सरोवराच्या काठी पेत्राच्या हाती मेंढरे सोपवली, तेव्हा त्याला योजना विचारली नाही, शिक्षण विचारले नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढेच तीनदा विचारले. ज्याने तीनदा नाकारले होते, त्यालाच विचारले. आम्हा चुकलेल्या धर्मगुरूंची सारी आशा त्यात आहे.

त्या चर्चमधील विजेची घंटा अजून वेळेवर वाजते. मी कधी तिकडे गेलो, तर आधी त्या माउलीच्या घरावरून जातो. आता ती नाही, तिची सून असते. चहा घेतो, नातवंडांची नावे विचारतो आणि मग चर्चमध्ये जातो.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, उत्तम मेंढपाळा, आमच्या तरुण धर्मगुरूंना तुझे हृदय दे. त्यांचे पाय आमच्या उंबरठ्यांकडे आणि त्यांचे गुडघे तुझ्या वेदीकडे वळव. आम्हाला त्यांना सांभाळण्याची बुद्धी दे, आणि ज्यांना आम्ही नकळत दूर लोटले, त्यांना तू जवळ घे. संत जॉन मेरी व्हिएन्नी, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.