सांगणाऱ्याचे मौन

1962 च्या ऑक्टोबरविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तर ते चीनचे आक्रमण सांगतील. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हेही सांगतील. त्याच दिवसांत क्युबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभे होते, हे क्वचितच कोणाच्या स्मरणात असते.

28 ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे मागे घेण्याचे घोषित केले. अमेरिका खंबीर राहिली म्हणून शत्रू नमला, असा इतिहास पुढे जगभर शिकवला गेला. वस्तुस्थिती निराळी होती. आदल्या रात्री रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुप्तपणे कळवले होते की तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रेही काढली जातील. एप्रिल 1963 पर्यंत ती काढलीही गेली. रॉबर्ट यांच्या हत्येनंतर 1969 मध्ये त्यांचे ‘थर्टीन डेज’ हे पुस्तक आले, त्यात मात्र हा सौदा स्पष्ट नव्हता. तो उल्लेख संपादन करताना आपणच गाळला, अशी कबुली सोरेन्सन यांनी 1989 मध्ये मॉस्कोच्या परिषदेत दिली.

प्रत्यक्षदर्शीचे पुस्तक, आणि नेमका गाभाच गायब! अशा साक्षीचे काय करावे?

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीने आलेल्या वार्तेची शहानिशा करण्याचा आदेश दिला आहे. हदीसच्या विद्वानांनी त्यातून एक शास्त्र उभे केले. त्यातील ‘तदलीस’ ही संज्ञा येथे उपयोगी पडते. एखादा रावी मधल्या माणसाचे नाव दडवून वरच्या माणसाकडून कथन करतो. त्याला सरसकट खोटारडा म्हणत नाहीत, परंतु ‘मी स्वतः ऐकले’ असे तो स्पष्ट सांगेपर्यंत त्याचे मोघम कथन स्वीकारत नाहीत. रॉबर्ट यांचे पुस्तकही फेकून देऊ नये. त्यातील मौनाला मात्र पुरावा मानू नये. दोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेला अहवाल जनतेसाठी नव्हता, म्हणून त्याचे वजन अधिक. तरी आपण काय मिळवले हे वरिष्ठांना दाखवण्याचा मोह राजदूतालाही असतो. सोरेन्सन यांची कबुली त्यांच्याच कामाविरुद्ध जाते. ती या अहवालाशी जुळते, तेव्हा मन निश्चिंत होते.

आपल्याकडे डिसेंबर 2001 ते ऑक्टोबर 2002 भारत-पाकिस्तानच्या फौजा समोरासमोर होत्या. कोण नमले, याची उत्तरे दोन्हीकडे वेगळी आहेत. नागभीडमध्ये नमाजनंतर तरुण मोबाइलवरील चित्रफिती दाखवून छातीठोक निकाल देतात, तेव्हा मी एवढेच विचारतो: हे सांगणारा तेव्हा कोठे होता, आणि त्याने काय गाळले असेल?

एक आक्षेप रास्त आहे. समेटासाठी बोललेल्या शब्दाला आदरणीय पैगंबरांनी (स.) सूट दिली आहे; मग लाखोंचे प्राण वाचवणारी गुप्तता निंद्य कशी? ऑक्टोबरातील गुप्ततेला मी निंद्य म्हणणार नाही. पण संकट टळल्यावर, डिसेंबर 1962 मध्येच, एका अमेरिकी साप्ताहिकाने अॅडलाय स्टीव्हन्सन यांना भित्रे ठरवले. कारण काय, तर तुर्कस्तानातील तळांची देवाणघेवाण त्यांनी सुचवली होती. अध्यक्षांनी स्वतः गुपचूप तेच केले होते. हा समेट नव्हे. एका माणसाच्या अब्रूवर दुसऱ्याचा लौकिक राखणे होय. स्टीव्हन्सन 1965 मध्ये निवर्तले. सोरेन्सन यांची कबुली त्यानंतर चोवीस वर्षांनी आली.