वायर काढून

मूर्तिजापुरात १०८ची एक गाडी होती. गाडीवर जुना पायलट होता; १०८च्या ड्रायव्हरला पायलटच म्हणतात. डॉक्टर तरुण होती, नव्यानं आलेली. ती त्याला काका म्हणायची, तो तिला मॅडम.

ड्यूटी बदलली की गाडी तपासायची आणि यादीवर खुणा करायच्या, असा नियम होता. ऑक्सिजन, औषधं, स्ट्रेचरचे पट्टे, आणि भिंतीला अडकवलेलं, घशातला कफ ओढून काढायचं सक्शन मशीन. डॉक्टर बटण दाबायची, मशीन घुरघुरायचं, हिरवा दिवा दिसायचा. ती खूण करून पुढे जायची.

पायलटचं तेवढ्यावर भागत नसे. तो मशीन हुकातून काढी, चार्जिंगची वायर उपसे आणि खाली उतरून फरशीवर ठेवी. नळी दुमडून धरी आणि डायलकडे पाही. चार सेकंदांत काटा ३००वर चढला पाहिजे. मग ग्लासभर पाणी ओढून घेई, बाटलीच्या झाकणातून हवा सुटते का म्हणून कान लावी, आणि मशीन तसंच चालू ठेवून गाडीच्या काचा पुसायला लागे. सगळ्या काचा झाल्या तरी आवाज तोच असला, म्हणजे त्याचं समाधान होई.

एकदा डॉक्टर म्हणाली, “काका, चालतं ना ते. रोज कशाला खाली उतरवता?”

“मॅडम, गाडीत चालते ते मलेबी दिसते. वावरात चालते का, ते पाहा लागते.”

श्रावणातल्या एका सकाळी मशीन वायरवर नेहमीसारखं चाललं. वायर काढली. पहिली काच पुसेपर्यंत आवाज बसला, दुसऱ्या काचेला मशीन बंद पडलं. दिवा मात्र पूर्ण चार्ज दाखवत होता. बॅटरी आतून संपली होती.

डॉक्टरनं वर कळवलं. नवी बॅटरी यायला आठवडा लागणार होता. पायलट उठला आणि कुठून तरी हातानं दाबायचं सक्शन मागून घेऊन आला. त्याला वीज लागत नव्हती. डॉक्टरनं ते पाण्यावर दाबून पाहिलं. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं डब्यातलं घट्ट वरण वाटीत ओतलं आणि त्यावर दाबून पाहिलं. बारीक नळी तुंबली. पेशंटच्या घशात काही नितळ पाणी नसतं. तिनं रुंद तोंडाची कडक नळी शोधली, पंप धुतला आणि दोन्ही वस्तू खांद्यावरच्या बॅगेत भरल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. कपाशीवर फवारा मारता मारता एक मजूर पडला होता.

अमरावती-अकोला रस्त्यावर गाडी सुसाट निघाली. लोणी ते मूर्तिजापूर असा या रस्त्याचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये पाच दिवसांत झाला, त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. पण मजूर त्या रस्त्यावर पडला नव्हता. डांबर सोडलं की पांदण लागत होती, आणि श्रावणातल्या काळ्या मातीत बैलसुद्धा पाय जपून टाकतो. पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबली. दोघं बॅग आणि स्ट्रेचर घेऊन चिखल तुडवत निघाले, नाला ओलांडून पलीकडे गेले.

मजूर बांधावर उताणा पडला होता. तोंडाला फेस, घशात घरघर, ओठ निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सदरा औषधानं भिजला होता. २०१७च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात शेकडो जण अशाच विषबाधेनं दवाखान्यात भरती झाले होते, वीसहून अधिक माणसं गेली होती. या विषात लाळ आणि छातीतला कफ थांबतच नाही. माणूस आपल्याच पाण्यात गुदमरतो. श्वासाची वाट तुंबलेली असली तर भरलेलं सिलिंडरही कामाचं नाही, आणि मेंदूला हवेवाचून चार-सहा मिनिटांत इजा व्हायला लागते.

दोघांनी हातमोजे चढवले, मजुराला कुशीवर वळवलं, सदरा कापून दूर टाकला. डॉक्टरनं कडक नळी दिसेल तेवढीच आत घातली. पायलट पंप दाबू लागला. दहापर्यंत मोजून ती थांबली, तोंडावर मास्क धरून फुग्यानं श्वास दिला, पुन्हा नळी घातली. मध्येच अ‍ॅट्रोपिन टोचलं. गावकरी नुसते पाहत होते. थोड्या वेळानं घरघर कमी झाली आणि ओठांवर रंग आला. मग चौघांनी स्ट्रेचर उचलून नाल्यापार केलं. गाडीत मशीनला वायर होती, तिथं ते अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयापर्यंत चाललं.

मजूर वाचला.

परतताना डॉक्टर बराच वेळ बोलली नाही. मागच्या आठवड्यात तिनं केलेली खूण खोटी नव्हती; मशीन खरंच चालत होतं. पण ती गाडीच्या आत, वायरच्या भरवशावर केलेली खूण होती, आणि माणूस नाल्यापलीकडे पडला होता. जिथं गरज पडणार, तिथं उभं राहून पाहिल्याशिवाय तयारीला तयारी म्हणता येत नाही, हे पायलटनं तिला कधी समजावून सांगितलं नव्हतं. तो रोज वायर काढत होता, एवढंच.

दोन दिवसांनी ती त्या गावात पुन्हा गेली. चावडीवर माणसं जमली. तिनं एका पोराला खाली निजवलं आणि बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते दाखवलं. तोंडात पाणी घालू नका, औषधाचे कपडे आधी उतरवा, १०८ला फोन लावा, असं सांगितलं. मग म्हणाली, “मी करून दाखवलं, त्याचा उपयोग नाही. आता तुम्ही करा.” बायांनीही करून पाहिलं. एका आजीला जमेना, तिच्याकडून तिनं तीनदा करून घेतलं.

पोळा झाल्यावर त्याच गावातून फोन आला. एका पोरीला झटका आला होता. गाडी पोचली तेव्हा पोरगी कुशीवर होती, तोंड पुसलेलं होतं, श्वास मोकळा चालला होता. तिला वळवलं होतं त्या आजीनंच.