बारूखाची उमेदवारी

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६-१५, ४५:१-५



गेल्या पावसाळ्यात सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीस एका घरच्या प्रार्थनासभेला जाण्याचा योग आला. मधुबन धरणाचे पाणी अंगणातून दिसत होते. त्या घरची नात कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन मुंबईतील एका व्यापारी कायद्याच्या फर्ममध्ये उमेदवारीला लागली आहे. ती चार दिवसांच्या रजेवर आली होती. सभा आटोपताच शेजारी तिच्याभोवती जमले. "कोर्टात भाषण करतेस ना ग?" कोणीतरी विचारले. ती हसून म्हणाली, "आठ महिने झाले, कोर्टाची पायरी चढले नाही. मी नुसती वाचते."

काय वाचते? कंपन्यांचे करार, कर्जाचे कागद, जमिनींची खरेदीखते. पानांचे क्रमांक, सर्व्हे नंबर, सह्या, शेवटची परिशिष्टे. एके रात्री अकरा वाजता कंटाळून तिने न वाचलेल्या परिशिष्टावर 'तपासले' असे लिहून टाकले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना दिसले की खरेदीखतात एक सर्व्हे नंबर आहे आणि परिशिष्टात दुसराच. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तपासले हा शब्द म्हणजे तुझी साक्ष. तू खोटी साक्ष दिलीस." हे सांगताना पक्षकाराचे नाव मात्र तिने घेतले नाही. गुपित राखण्याचा धडा ती नीट शिकली होती.

कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आज्याने हाताचा अंगठा वर केला. "पोरी, माझा अंगठा घेतला तेव्हा कोणी वाचून नाही दाखवलं." घरात कोणी काही बोलेना.

रात्री ती मला म्हणाली, "काका, मी मोठ्या लोकांचे कागद वाचते, आणि माझ्या आज्याचा कागद कोणी वाचला नाही. हे काम सोडून घरी यावे का? यात देवाची सेवा ती कुठे?"

मी कबूल करतो, माझ्या जिभेवर एक सोपे उत्तर तयार होते. परंतु तो अंगठा डोळ्यांपुढून हालेना. मी तिला यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय उघडण्यास सांगितले.

यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकायला येतो. ज्या भूमीवर शत्रू चालून आला, तिथले शेत कोण घेईल? परंतु देवाच्या सांगण्यावरून यिर्मया ते घेतो. आणि कसे घेतो पाहा! सतरा शेकेल रुपे तराजूत तोलतो, खत लिहून मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही तो सर्वांदेखत बारूखाच्या हाती देतो आणि मातीच्या पात्रात ठेवण्यास सांगतो, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, ही देवाने दिलेली आशा त्या नीट लिहिलेल्या कागदात जपून ठेवली गेली. बारूखाने त्या दिवशी कंटाळा केला असता तर?

शब्द नीट वाचण्याचे मोल या भूमीला ठाऊक आहे. १९५४ साली दादरा व नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने १९५५ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. १९६० च्या निकालात १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह व त्यानंतरच्या सनदा बारकाईने तपासल्या गेल्या. मराठ्यांनी दिला तो गावांचा वसूल, राज्य नव्हे, असे न्यायालयाला आढळले.

आपल्याच मंडळीतले एक उदाहरण घ्या. कॉर्नेलिया सोराबजी या १८६६ साली नाशिकला जन्मल्या. रेव्हरंड सोराबजी खरसेटजींची ही कन्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन लंडनच्या ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटर फर्ममध्ये तिने काम शिकून घेतले. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा मात्र हिंदुस्थानात १९२३ साली झाला. तोवर ती हात जोडून बसली नाही. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न तिने हाताळले. परक्या पुरुष वकिलासमोर ज्यांना येता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत तिचे कायद्याचे ज्ञान पोहोचले. फर्ममध्ये शिकलेले बारूखाचे काम देवाने असे वापरले.

म्हणून मी त्या मुलीला म्हणालो, "उमेदवारी पुरी कर. ज्यांच्यासाठी वाचतेस त्यांच्याशी प्रामाणिक राहा. परंतु समोरच्या बाजूला अंगठा उमटवणारा कोणी बसला असेल, तर त्याला फसवण्यास तुझी लेखणी देऊ नकोस. जे तपासले नाही त्याला 'तपासले' म्हण, असे कोणी सांगेल त्या दिवशी लेखणी खाली ठेव, नोकरी गेली तरी." पंचेचाळिसाव्या अध्यायात थकलेल्या बारूखाला देव विचारतो, तू आपल्यासाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराच्या टेबलावर ठेवण्याजोगा आहे.

सकाळी पाहिले तो तिने आज्याची पत्र्याची पेटी उघडली होती. पिवळा पडलेला कागद ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत होती, अडेल तेथे आज्याच्या बोलीत समजावीत होती. जमीन परत मिळेल असे ती म्हणाली नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हते. पण आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले होते, ते म्हाताऱ्याला इतक्या वर्षांनी प्रथमच कळले. तो म्हणाला, "आता पुन्हा एकदा वाच."

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, पंचांनो, आपणही सही करणारी माणसे आहोत. हजेरीपटावर न आलेल्या मुलाची हजेरी आपण लावतो काय? मंडळीचा हिशेब न वाचताच 'मंजूर' म्हणून हात वर करतो काय? आपल्या शेजारी कोणी अंगठा उमटवीत असता आपण गप्प बसतो काय? थोडक्यात विश्वासू असणे हे लहान काम नव्हे; प्रभूने त्यावरच आपली परीक्षा ठेविली आहे (लूक १६:१०).

हे प्रभो, आमचे डोळे वाचण्यात खरे ठेव, आमचा हात सही करण्यात खरा ठेव, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याशेजारी बसण्याची सवड आम्हांस दे. आमेन.