तुरुंगाची किल्ली हाती घ्यावी काय?

गेल्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या एका खेड्यात आम्ही गेलो असता एका शेतकरी बंधूंनी आम्हांस बाजूस घेऊन एक प्रश्न विचारिला. त्यांचा मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन कारागृह शिपायाच्या भरतीची तयारी करीत होता व रोज पहाटे सडकेवर धावत होता. बंधू म्हणाले, "पाळकसाहेब, नोकरी लागली तर घराचे पांग फिटतील. पण दुसऱ्याच्या लेकराला कोंडून आपले पोट भरायचे, हे पाप तर नाही ना?"

हा प्रश्न पुष्कळ घरांतून निघण्यासारखा आहे. यास्तव त्याचा विचार येथे करितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की शिक्षा देणे हे न्यायाधीशाचे काम आहे, तुरुंगाच्या नोकराचे नव्हे. स्वातंत्र्य गेले, घरदार दुरावले, हीच शिक्षा होय. तिच्यावर जो कोणी एक चपराक, एक शिवी किंवा एक कच्ची भाकर वाढवितो, तो न्यायाचा सेवक राहत नाही. तो स्वतःच अपराधी ठरतो.

शिवाय आत असतात ते सर्व दोषी ठरलेले असतात काय? सन २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांवरून पाहता देशातील दर शंभर बंद्यांपैकी सुमारे ७६ जणांचे खटले अद्याप चालू होते. त्यांतील कित्येकांस जामीनदार मिळत नाही, एवढ्याच कारणाने ते आत राहतात. आणि जेथे शंभरांची सोय, तेथे १३१ माणसे कोंडलेली होती. अशा दाटीत किल्ली कोणाच्या हाती आहे, यावर एखाद्या गरिबाची रात्र कशी जाईल हे ठरते.

मग ते काम सज्जनांनी टाळावे काय? आमच्या मते टाळू नये. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाची गोष्ट आपण जाणतो. त्याने पौल व सीला यांच्या जखमा रात्रीच धुतल्या व त्यांस आपल्या घरी जेवू घातले. आपल्या प्रांतातही असा धडा आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत स्थापन झाली. तेथे भिंतीवाचून, विश्वासावर बंद्यांस ठेविले. ते शेती करीत व कुटुंबासह राहत. आमच्या शेजारी पैठण येथेही खुले कारागृह आहे. चांगल्या वर्तणुकीचे बंदी तेथे शेतात राबतात. भिंतीने जे साधत नाही ते कित्येकदा विश्वासाने साधते, पण विश्वास टाकणारा मनुष्य आधी हवा. १८९४ च्या कायद्याचा भर पहारा व शिस्त यांवर होता. १९१९-२० च्या समितीने बंद्याची सुधारणा हाही तुरुंगाचा हेतू मानिला. आज महाराष्ट्रात या खात्याच्या नावातच 'सुधारसेवा' हा शब्द आहे. नाव बदलणे सोपे, हात बदलणे कठीण. चांगले हात घरीच राहिले तर ते बदलणार कसे?

हे सर्व आम्ही त्या बंधूंस सांगितले. त्यांचा चेहरा मात्र उजळला नाही. अधिक विचारिता खरी गोष्ट निघाली. एक दलाल भेटला होता. पैसे दिल्यास नाव यादीत लावून देतो, असे त्याने म्हटले होते, आणि घरात बैलजोडी विकण्याचे चालले होते.

तेव्हा आम्ही स्पष्ट बोललो. किल्ली धरण्यात पाप नाही; पाप त्या बैलांच्या दावणीपासून सुरू होईल. लाच देऊन घेतलेल्या नोकरीचे पैसे वसूल कोठून होणार? परतूरहून वा मंठ्याहून एखादी म्हातारी उसनवारीने एस.टी.चे भाडे जमवून लेकाच्या भेटीस येईल. तिच्या पदराच्या गाठीतून ते वसूल होतील. आज दलालास दिलेला रुपया उद्या तिच्याकडून मागितला जाईल, आणि तो मागणारा आपलाच मुलगा असेल. दलाल फसवील ही भीती वेगळी. तो फसविणार नाही, हीच मोठी भीती होय.

वाचकहो, एक गोष्ट मंडळीसही सांगणे अवश्य आहे. गावचा मुलगा अशा नोकरीस लागला की आपणच त्याजकडे जातो: "आमच्या माणसास तेवढी तंबाखू पोहोचव, तेवढा निरोप दे." त्यास बिघडविणारे पहिले लोक पुष्कळदा परके नसतात, सोयरेच असतात. नियमाप्रमाणे भेट मागावी, जामिनासाठी धावावे, सुटून आलेल्यास ओट्यावर बसू द्यावे. परंतु त्या मुलाकडे चोरवाट मागू नये.

पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. मुलगा धावण्याचा सराव करीतच होता, आणि बैल गोठ्यात होते. भरतीत त्याचे नाव लागेल किंवा न लागेल. ते आम्हांस ठाऊक नाही. लागले तर तो कोणाचा देणेकरी न होता त्या दारात उभा राहील. किल्ली त्याच हाती शोभते.