स्कंकाचे अन्न व आपला न्याय

अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतांच्या अरण्यात स्कंक नावाचा, मांजराएवढा काळा प्राणी राहतो. त्याच्या पाठीवर पांढरे पट्टे असतात. त्याच्या दुर्गंधी फवाऱ्यामुळे त्यास कोणी जवळ करीत नाही. तो मात्र आधी पाय आपटून व शेपूट उभारून इशारा देतो. फवारा हा त्याचा शेवटचा उपाय होय.

सूर्य मावळल्यावर तो अन्न शोधावयास निघतो. हुंगत हुंगत पुढच्या पायांच्या लांब नखांनी तो जमिनीत लहान खळगे करितो आणि झाडांची मुळे कुरतडणाऱ्या अळ्या खातो. भुंगेरे, टोळ, उंदीर व रानफळे हेही त्याचे अन्न आहे. केसाळ सुरवंट सापडल्यास तो त्यास जमिनीवर घोळवून केस काढितो, मग खातो.

कधी तो कोंबडीची अंडी व मधमाशाही खातो, हे खरे. शेतकऱ्यास तेवढेच दिसते. कारण अंडी सकाळी मोजली जातात, रात्री खाल्लेल्या अळ्या कोणी मोजीत नाही.

आपणही शेजाऱ्याचा न्याय असाच करितो ना? त्याने केलेले नुकसान ध्यानात ठेवितो. अंधारात केलेले उपकार आपणास ठाऊकही नसतात. ज्यास आपण दूर बसवितो, त्यासही अन्न देणारा पिता तोच आहे, आणि रात्रीचा हिशेब त्याच्यापाशी आहे. म्हणून येत्या रविवारी मंदिरात ज्याच्याजवळ कोणी बसत नाही, त्याच्याजवळ आपण जाऊन बसावे. प्रभू आपणास तशी बुद्धी देवो.