दाराखालचा पत्रा

जुनी स्पोर्ट्‌स कार बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. इंजिन एका दमात चालू झालं, आवाज खणखणीत आला, की अर्धा सौदा मनातल्या मनात पक्का होतो. एमजीबीच्या बाबतीत तरी मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी. तिचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं आणि दणकट. त्याचे सुटे भाग आजही मिळतात, जाणता मेकॅनिक ते उतरवून पुन्हा बांधून देतो. खरा घोर असतो तो पत्र्याचा.

आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यात उघड्या टपाच्या गाडीला छताचाही आधार नसतो. मग पुढच्या-मागच्या चाकांमधला बराचसा ताण दोन्ही दारांखालच्या पोकळ सिलवर येतो. हिवाळ्यात तिकडे रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ आणि चिखल चाकांनी उडून पुढच्या मडगार्डच्या आत साचतो, ओला राहतो आणि पत्रा खात बसतो. रंगावर फोड दिसायला लागेपर्यंत आतला पत्रा भुसभुशीत झालेला असतो.

म्हणून खाली वाकून बघावं. दार आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वरच्या बाजूला ती मिटत आली असेल, तर गाडी मधोमध खचली आहे असं समजावं. मालकाला विचारून गाडी एका बाजूने जॅकवर घ्यावी आणि दार लावून बघावं. ते अडायला लागलं, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. खिशात लोहचुंबक असावा. तो जिथे धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती ताज्या रंगाची. सिल नीट बदलायची तर मडगार्डचा खालचा भाग आणि मागचा थोडा पत्रा कापावा लागतो, कारण सिल त्यांच्या आतून जाते. हे कष्टाचं काम टाळून कुजक्या सिलवरच नवी पट्टी वेल्ड करतात आणि वर चकचकीत लाल रंग मारतात. त्यापेक्षा शेडमध्ये धूळ खात पडलेली, उघडउघड गंजलेली गाडी बरी. तिचं दुखणं निदान डोळ्यांना दिसतं. आणि एखाद्या मालकाने सिल कापून उघडी केल्याचे, आतला पत्रा बदलल्याचे फोटो जपून ठेवले असतील, तर त्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन.

एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे प्रत्येक कुजलेली गाडी वाचवलीच पाहिजे असं नाही. १९८८ पासून तिची नवी बॉडीशेल मिळते खरी, पण शेल, रंग आणि जोडणी धरली की खर्च बहुतेकदा एखाद्या धडधाकट गाडीच्या किमतीपलीकडे जातो. ज्याला स्वतःच्या हातांनी गाडी उभी करायची हौस आहे, त्याने तो जरूर करावा. बाकीच्यांनी मालकाचे आभार मानून परत फिरावं. ती गाडीही वाया जात नाही. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, तारांची चाकं कुणाच्या तरी अडून पडलेल्या एमजीबीला लागतात.